पहिल्या पंगतीचे तात्या

माझ्या बौद्ध पद्धतीच्या लग्नात महामंगल गाथा संपली, फुलांच्या पाकळ्या उडाल्या, टाळ्या वाजल्या, फोटोवाल्यानं वरपित्याला स्टेजवर बोलावलं आणि वरपिता सापडेना. शेवटी माझ्या काकांनी त्यांना शोधून काढलं. हॉलच्या मागच्या बाजूला नुकतीच जेवणाची टेबलं लागली होती. तिथं पहिल्या ओळीतल्या पहिल्या खुर्चीत माझे सासरे ताठ बसले होते. वाढपी अजून मीठ आणि लिंबाच्या फोडीच वाढत होते. काका म्हणाले, चला, फोटो काढायचाय. तात्या म्हणाले, "काढा की. मी जेवून आलोच." आमच्या अल्बमात सुरुवातीच्या फोटोंमध्ये सासरे नाहीत. माझ्या आईनं ही गोष्ट पुढे बरीच वर्षं मनात ठेवली होती.

त्यांच्या गावात, वराळ्यात, त्यांना 'पहिल्या पंगतीचे तात्या' म्हणायचे. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या नव्या घराचं जेवण असो, पहिली पंगत बसली की तात्या त्यात असणारच. आंबीच्या एका कारखान्यात ते फिटर होते. तिथंही जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजायच्या आधी ते कँटीनच्या दाराशी हात धुऊन उभे असत. बरोबरचे लोक चेष्टा करत. तात्या हसतही नसत आणि रागावतही नसत.

तात्या खादाड असते तर गोष्ट सोपी होती. पण ते शिडशिडीत होते, त्यांना साखरेचा त्रास होता आणि पानात ते जेमतेम घासभर भात घ्यायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, सगळ्यांच्या आधी जाऊन, एवढंसं जेवून ते उठायचे, स्कूटर काढायचे आणि घरी यायचे. सासूबाई मागं राहायच्या. भाऊबंदांच्या प्रत्येक कार्यात त्या भाकऱ्या थापायला, वाढायला, भांडी आवरायला असायच्या आणि बायकांच्या शेवटच्या पंगतीत जेवून संध्याकाळी कुणाच्या तरी गाडीतून परतायच्या. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्या दोघांनी बाहेर कुठं शेजारी बसून जेवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही अंगणात मटार सोलत बसलो होतो, तेव्हा मी तात्यांना सरळ विचारलं, नेहमी पहिल्याच पंगतीत का बसता? माझी आई दुखावली होती, म्हणून असेल. तात्यांनी आधी हातातली शेंग सोलून घेतली.

"मी असंल सात-आठ वर्सांचा," ते म्हणाले. "गावात मोठ्या घरी लगीन व्हतं. माजा बा तितं चार दिस लाकडं फोडत व्हता. आमचं जेवान सगळ्यांच्या शेवटी, गोठ्याच्या मागं. सकाळपास्नं बसलो. पंगती उठत व्हत्या, वास येत व्हता. बा म्हनायचा, थांब जरा. दिवस मावळायला आमची पाळी आली तवा भात संपला व्हता. खरवड काढून दिली, ती बी वरनं टाकली, हात लांब धरून."

 त्यांनी पुढची शेंग घेतली.

"त्या दिसापास्नं बानं कुनाच्या पंगतीला जायचंच बंद केलं. मी उलटं केलं. मी जातो. आन् पयला बसतो."

एवढंच. पुन्हा हा विषय त्यांनी स्वतःहून कधी काढला नाही. पण त्यानंतर मी त्यांना जेवताना वेगळ्या नजरेनं पाहू लागले. त्याच मोठ्या घरातल्या नातवाचं लग्न तळेगावच्या एका कार्यालयात झालं, तेव्हा मी बरोबर होते. त्या घरचे आबा तात्यांच्याच वयाचे, शाळेत एका वर्गात असलेले. तात्या पहिल्या खुर्चीत बसलेले पाहून ते स्वतः जिलेबीचं ताट घेऊन आले आणि वाकून एक जिलेबी वाढली. तात्यांनी ती खाल्ली आणि शांतपणे म्हणाले, "आबा, अजून एक वाढा." आबांनी वाढली. साखर वाढलेल्या माणसानं ती दुसरी जिलेबीही सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली. घरी आल्यावर सासूबाई त्यांना खूप बोलल्या. तात्यांनी गोळी घेतली आणि झोपले.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या, मनात आलं की दोघांना बोटीनं फिरवून आणावं. मुंबईहून निघायचं, गोव्याला जायचं, परत यायचं, राहणं-खाणं सगळं बोटीवरच. लोणावळ्याच्या एका एजंटाकडं बुकिंग केलं. आम्हीही बरोबर जाणार होतो. आठवड्याभरानं एका रविवारी दुपारी त्या एजंटाचा फोन आला. बोटीच्या मोठ्या डायनिंग हॉलमध्ये रात्रीचं जेवण दोन वेळांना असतं, एकदा ठरवली की रोज तीच वेळ. तर तुम्हाला लवकरची हवी की उशिराची? मिलिंद सहज म्हणाला, उशिराचीच ठेवा, म्हणजे सूर्यास्त डेकवरून बघता येईल.

तात्या पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, काय उशिरा? मिलिंदनं समजावलं. तात्यांनी पेपराची घडी घातली. "म्हंजे बोटीवर बी पंगती हायेत," ते म्हणाले. "पयली घे."

मिलिंदनं सूर्यास्ताचं सांगून पाहिलं, नंतरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचं सांगून पाहिलं. तात्यांचं उत्तर बदललं नाही. एजंट फोनवर ताटकळला होता. मिलिंद हो म्हणणार, तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हात पिठाचे होते.

"मला दुसरी पायजे," त्या म्हणाल्या.

त्या घरात तात्यांच्या जेवणाच्या वेळेवर कुणी मत दिलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मिलिंदनं एजंटाला नंतर फोन करतो म्हणून सांगितलं. तात्या सासूबाईंना म्हणाले, अगं, शेवटी बसायची एवढी हौस कशाची? जन्मभर तेच केलंस की.

सासूबाईंनी आधी हात पुसले. मग दाराच्या चौकटीला टेकून त्या बोलल्या. "पयल्या पंगतीत माणसं मागं येऊन उभी ऱ्हात्यात, खुर्ची कदी सुटती म्हनून. घास गिळवत न्हाई. शेवटच्या पंगतीला कोन उठवत न्हाई. आमी बायका काय बोललो-हसलो ते तितंच. तुमी मामंजींच्या नावानं पयले बसता. बसा, मी कदी आडवी आले न्हाई. पन मला माझं निवांत जेवू द्या."

मामंजी म्हणजे तात्यांचे वडील. त्यांचं नाव या विषयात काढलेलं तात्यांना चालेल असं मला वाटलं नव्हतं. ते उठले आणि अंगणात गेले. संध्याकाळी आत आले तेव्हा मिलिंदला एवढंच म्हणाले की तुझ्या आईला हवी ती घे, मला पहिली घे. त्यांना एकटं बसावं लागू नये म्हणून मी त्यांच्याबरोबर नाव दिलं. एका घरातली माणसं दोन वेळांना का जेवणार, हे एजंटाला शेवटपर्यंत कळलं नाही.

बोटीवरच्या पहिल्या संध्याकाळी तात्या पांढरा शर्ट घालून वेळेच्या बरेच आधी दाराशी जाऊन उभे राहिले. दार उघडल्यावर सगळ्यात आधी आम्हीच आत गेलो. पांढरीशुभ्र टेबलं, काचेचे पेले, कमळासारख्या घडीचे नॅपकिन. तात्यांनी पहिलं टेबल धरलं. वेटरनं खुर्ची ओढून दिली, सूप कोणतं आणू म्हणून अदबीनं विचारलं. तात्या नेहमीसारखे ताठ बसले होते, पण त्यांचं लक्ष जेवणात नव्हतं. ते आजूबाजूला बघत होते. शेजारच्या टेबलावर एक गुजराती कुटुंब आपल्या गप्पांत होतं. पलीकडं दोन पोरी स्वतःचेच फोटो काढत होत्या. आमच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

बराच वेळ चमचा सुपात फिरवून ते म्हणाले, "हितं मला कोन वळखत न्हाई. मंग पयलं काय आन् दुसरं काय."

त्या आवाजात हार नव्हती. ते खरंच विचार करत होते. जेवण अर्धवट ठेवून आम्ही वर डेकवर गेलो. सासूबाई कठड्याजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. सूर्य पाण्याला टेकला होता. तात्या त्यांच्या शेजारी जाऊन बसले. 

दुसऱ्या दिवशी दुपारीच त्यांनी मिलिंदला विचारलं की आपलं दुसऱ्या पंगतीत जमतं का बघ. जमलं. पण ते सोपं गेलं नाही. आम्ही चौघं हॉलच्या बाहेर रांगेत उभे होतो. आत पहिली पंगत अजून उठायची होती. काचेतून जेवणारी माणसं दिसत होती, दार उघडलं की भाजलेल्या पावाचा, लोण्याचा वास बाहेर येत होता. तात्यांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं साखर उतरली. मी पर्समधून बिस्किट काढलं, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. एकदा ते रांगेतून बाहेरही पडले, जिन्यापर्यंत गेले. सासूबाई त्यांच्या मागं गेल्या. त्यांनी समजूत घातली नाही की ओढूनही आणलं नाही. नुसत्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि शेजारची जागा हातानं झाडली. तात्या बसले. थोड्या वेळानं दोघं उठून परत रांगेत आली.

आत गेल्यावर तात्या खुर्चीत बसले नाहीत. त्यांनी आधी टेबलावरचं कापड बोटांनी चाचपून पाहिलं. कडक इस्त्रीचं होतं, घडीची रेघ अजून मोडली नव्हती. वेटरला त्यांनी विचारलं, हे आत्ता बदललं का? तो म्हणाला, "नया है सर, हर बार बदलते हैं."

"सगळं नवं हातरलंय," तात्या सासूबाईंना म्हणाले आणि मग बसले.

त्या रात्री सासूबाई बोलत होत्या. कुणाच्या तरी लग्नात पुरणाचं पातेलं कलंडलं होतं आणि सगळ्या जावांनी मिळून ते कसं निभावलं. एका हळदीला चुलत सासूबाई जेवता जेवता हसून हसून कशा खुर्चीवरून पडल्या. या सगळ्या कार्यांना तात्या गेलेले होते, पहिल्या पंगतीत जेवून परतलेले होते. त्यातलं त्यांना काहीही माहीत नव्हतं. ते मध्येच विचारत होते, "ही कवाची गोष्ट?" आणि त्या सांगत होत्या. तात्यांनी भात दोनदा मागून घेतला. हॉल रिकामा झाला, वेटर कोपऱ्यातली टेबलं आवरू लागले, तरी आम्हाला कुणी उठवलं नाही.

त्या प्रवासानं तात्या बदलले असं मी म्हणणार नाही. परत आल्यावरही ते पहिल्याच पंगतीत बसत. फक्त आता ते घरी निघून येईनासे झाले. जेवून उठायचे, मांडवात कुणाशी तरी बोलत थांबायचे आणि बायकांची शेवटची पंगत बसली की एक खुर्ची ओढून सासूबाईंच्या शेजारी यायचे. ताकाचा पेला घ्यायचे, कधी चमचाभर खीर. बायका आधी संकोचायच्या, मग त्यांच्या देखतही बोलू लागल्या. "दोनी पंगतीला जेवतो म्हातारा, लोक काय म्हनत्याल," असं सासूबाई म्हणायच्या, पण त्यांच्यासाठी खुर्ची त्याच धरून ठेवायच्या.

गेल्या वर्षी थंडी संपता संपता तात्या गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, तळेगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, दिवशी बुद्धवंदना झाली, चार लोक चांगलं बोलले. जेवणाची व्यवस्था मिलिंदनं ठरवली होती. अंगण लहान, म्हणून तीन पंगती. सासूबाईंनी सकाळीच त्याला बोलावून सांगितलं की पंगती पाडायच्या नाहीत, सगळ्यांना एकदम बसवायचं. मिलिंद म्हणाला, जागा कुठं आहे? त्यांनी मांडववाल्याला थेट रस्त्यापर्यंत सतरंज्या घालायला लावल्या. तरी पुरेना, तेव्हा मोठ्या घरच्या आबांनी आपलं खळं उघडून दिलं आणि स्वतः तिथं सतरंजीच्या टोकाला येऊन बसले. वाढायला कुणी उभं राहणार नव्हतं, म्हणून भात, आमटी, भाजीची पातेली ठराविक अंतरावर मध्ये ठेवली होती. स्वयंपाक करणाऱ्या बायकांनाही पदर खोचलेले असतानाच बसवलं.

सगळे बसेपर्यंत भात गार झाला. आमटीचं एक पातेलं कडेच्या ओळीला पोचलंच नाही, ते आणायला दोघं उठले. कुणीतरी कुरकुरलंही. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. रडून डोळे सुजले होते. सगळ्यांच्या पानात काही ना काही पडलेलं दिसल्यावर त्यांनी पहिला घास घेतला, रस्त्यापर्यंत गेलेल्या ओळी एकदा पाहिल्या आणि मला म्हणाल्या, "सगळ्यांनी एकदम जेवायचं म्हंजे लय काम पडतंय गं. पन जमतंय."