सरळ केलेले खुंट

शेवटच्या भेटीत प्रज्ञाने ना आईबद्दल विचारलं, ना स्वतःच्या तापाबद्दल. “दादा, हा रविवार चुकला ना रे? खुंट मोजायचे राहिले...” एवढंच म्हणाली. मी वैतागून म्हणालो, आधी बरी हो, डोंगर कुठे पळून जात नाही. दुसऱ्या दिवशी डेंग्यूने माझी धाकटी बहीण गेली. ते वाक्य मला अजून छळतं, कारण डोंगर जागचा हलतो का, हाच तिच्या एम.टेक.चा विषय होता.

आम्ही लोणावळ्याजवळच्या भाजे गावचे. वडील रेल्वेच्या घाटातल्या गँगमध्ये होते. पावसाळ्यात रुळांवर कोसळू पाहणारे दगड हेरायचं त्यांचं काम. ते घरी येईपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरत नसे. प्रज्ञा मात्र त्यांना दारातच गाठून विचारायची, दगड पडायच्या आधी कसं कळतं? ते सांगायचे, भेग बघायची, झऱ्याचं पाणी गढूळ येतंय का बघायचं. तिथून ही पोरगी भेगांच्या मागे लागली. दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा, मग डिग्री, मग पुण्यात एम.टेक., तेही माती आणि डोंगरउतारांच्या अभ्यासात. मी लोणावळ्यात हॉटेलच्या रिसेप्शनवर. तिने बरी नोकरी धरावी असं मला वाटे, म्हणून ‘आमची मातीतली इंजिनीअर’ असं चारचौघांत चिडवायचो. तिला राग यायचा नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

संशोधनासाठी तिने आंदर मावळातली एक वाडी निवडली होती. वाडीच्या डोक्यावर उताराला लांबलचक भेग पडलेली. भेगेच्या दोन्ही अंगांना तिने लाकडी खुंट ठोकले. दर रविवारी मी तिला मोटारसायकलवर न्यायचो. ती टेप लावून समोरासमोरच्या खुंटांच्या डोक्यांमधलं अंतर तीन-तीनदा मोजायची. गेल्या पावसाळ्यात ते जवळजवळ बदललंच नाही. भीतीचं कारण दिसत नाही, असं तिने वाडीला सांगितलं आणि प्रबंध लिहायला घेतला.

यंदा जूनमध्ये एका रविवारी माझी ड्युटी लागली, म्हणून आम्ही शनिवारीच गेलो. वर वाडीतले आबा दगडाने खुंट ठोकत होते. कललेला खुंट उपटून पुन्हा सरळ रोवत होते. तिने विचारलं, आबा, हे काय?

“तू यायच्या आदल्या दिशी समदं सरळ करून ठिवतो की. पावसात लय कलत्यात. पोरगी लांबून येती, तिचं काम वाकडं दिसाया नगं.”

प्रज्ञा ओल्या गवतातच खाली बसली. खुंट कलत होते म्हणजे जमीन सरकत होती, आणि ते सरकणं आबा दर शनिवारी मायेने पुसून टाकत होते. ती त्यांच्यावर ओरडली नाही. माझाच पारा चढला होता, तर तिने माझा हात दाबला.

वर्षभराचे आकडे बाद झाले, पदवी लांबली. तिला जास्त जड गेलं ते वाडीसमोर उभं राहणं. “मी भीती नाही म्हणाले, ते चुकलं. पावसाळाभर खाली शाळेत राहायला चला.” लोक कुरकुरत उतरले. नेमका पाऊस दडी मारून बसला. पंधरा दिवसांत सगळे पुन्हा वर गेले, जाताना हसले. मग तिला ताप आला...

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी मी तिचं तिथे ठेवलेलं मोजमापाचं सामान आणायला वाडीत गेलो. चार दिवस पाऊस कोसळत होता. खुंटांना कुणी हात लावला नव्हता, तरी ते चांगलेच कलले होते. तिच्या वहीतल्या शेवटच्या आकड्यापेक्षा अंतर चार बोटं जास्त भरलं. मी पुन्हा मोजलं, मग पुन्हा. आपलंच काही चुकत असू दे, असं मनापासून वाटत होतं.

आबा मागे उभे होते. “भाऊ, ऱ्हायाचं का उतरायाचं? पोरगी काय म्हनली असती?”

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझा अंदाज फसला तर तिच्या नावाला आणखी हसतील, ही भीती होतीच. तरी म्हणालो, “उतरा आबा. आत्ताच.”  आबांनी आधी गोठ्यातली गुरं सोडली, मग घरोघर हाका मारत गेले.

हे लिहितोय तेव्हा वाडी खाली शाळेत आहे. उतार अजून उभा आहे. मी रविवारची सुट्टी मागून घेतली आहे. टेपचं एक टोक मी धरतो, दुसरं आबा. डोंगर नाहीच पडला तर लोक प्रज्ञाला हसतील. हसू देत... हसायला सगळे असतील.