समुद्रलिली नदीत जाणार नाही

कोल्हापूरच्या काळ्या कातळात जीवाश्म सापडत नाहीत. मी ते पुण्याच्या प्रदर्शनांतून आणते. माझा जीव जडलाय समुद्रलिलीवर. दिसायला देठासकट फूल, पण तो समुद्राच्या तळाशी जगणारा प्राणी, कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेला. देठाच्या सुट्या चकत्या मण्यांसारख्या दिसतात, त्या पुष्कळ मिळतात. अख्खं फूल क्वचितच. माझ्याकडच्या फुलाच्या भुजा एकाच बाजूला वाकल्यात, जणू पाण्याच्या ओढीत असतानाच ते गाडलं गेलं. हॉलमधल्या शोकेसमध्ये मी त्यालाच मधली जागा दिली.

मागच्या वर्षी ट्रॉलीतून सांडलेल्या उसावरून नवऱ्याची मोटारसायकल घसरली आणि त्याचा पाय मोडला. तो दवाखान्यातून घरी आला, तशा माझ्या थोरल्या जाऊबाई वास्तू बघणाऱ्या एका गृहस्थांना घेऊन आल्या. जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. गृहस्थांनी शोकेसपुढे थांबून विचारलं, "हे काय?" मी हौसेनं सगळं सांगितलं. तिथंच फसलं.

"मेलेलं जनावर घरात ठिवलंय व्हय?" अक्का ओरडल्या. "आपल्यात अंडंसुद्धा आणत न्हाईत की गं!"

पंचगंगेत सोडा, म्हणजे पीडा जाईल, असं गृहस्थांनी सांगितलं. अक्कांनी शोकेस उघडून दगड उचललासुद्धा. मी त्यांचं मनगट धरलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढला.

"खाली ठेवा, अक्का. रस्त्यावर ऊस सांडला तो या दगडानं नाही सांडला."

"नवऱ्यापरीस दगड मोठा झाला तुला?"

मी पलंगावरच्या नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "वहिनी, मला त्यातलं काय कळत न्हाय. पण ते तिचं हाय. ठिवा."

अक्कांनी दगड आपटल्यासारखाच ठेवला. टोकाचा टवका उडाला. मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडले नाही.

त्यानंतर गौरीच्या जेवणालाही त्या आल्या नाहीत. नवरा आता हिंडतो, थोडा लंगडतो. त्या लंगडण्याचं खापर नातेवाइकांत अजून माझ्यावरच फुटतं. फुटू दे. यंदा मी शोकेसमध्ये दिवा बसवून घेतलाय. संध्याकाळी दार उघडं असलं की रस्त्यावरूनही ते फूल दिसतं.