सात ते अकरा

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. बारा वर्षं माझ्याबरोबर खांबावर चढणाऱ्या विलासलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा-माझा काही संबंध नाही. उद्या कामशेतच्या बाजारात समोरासमोर आलो तरी तुम्ही मला ओळखणार नाही. फक्त एक आहे — मी पटकन मुद्द्यावर येणारा माणूस नाही. आधी थोडी फुशारकी ऐकून घ्यावी लागेल. ती गाळली तर पुढचं काही कळायचं नाही.

तर, आंदर मावळात इंटरनेट मी नेलं. मी! मोठ्या कंपन्यांची माणसं येऊन गेली होती. गाडीतून उतरली, डोंगर बघितले, चहा प्यायली आणि हात वर करून निघून गेली. मी कामशेतचा साधा केबलवाला. टीव्हीच्या वायरी ओढायचो. मी खांद्यावर तारेचं बंडल टाकलं आणि चालत सुटलो. भातखाचरांच्या बांधावरून, ओढ्यातून, करवंदीच्या जाळीतून. एकेका खांबासाठी एकेका म्हाताऱ्याच्या पाया पडलो. वानरं तारेला लोंबकळायची, तार तुटायची, मी परत जोडायचो. एका पावसाळ्यात दरड आली, रस्ता गेला, एसटी चार दिवस बंद — पण नेट चालू! पोरं घरात बसून शाळा शिकली, ती माझ्या तारेवर. अजून कुणी त्या बाजूचा भेटला की म्हणतो, "भाऊ, तुमच्यामुळं झालं." मी तोंडदेखलं "छे छे" म्हणतो. आतून छाती अशी फुगते, की काय सांगू.

आणि का फुगू नये? केलंय ते केलंय.

ऑफिसबाहेर पाटी आहे, मी स्वतःच्या हाताने रंगवलेली. "सगळ्यांना सारखा स्पीड." त्या पाटीखाली उभं राहून मी किती फोटो काढून घेतलेत!

आता ऐका. एका संध्याकाळी क्रिकेटची मॅच होती. शेवटची षटकं, आणि तेव्हाच सगळ्या खोऱ्यात चित्र अडकलं. ते गोल चक्र फिरत बसलं. फोनवर फोन. एका सरपंचांनी तर चारचौघांत म्हटलं, "ह्या नेटपरीस आमचा रेडिओ बरा व्हता." हसले सगळे. मला जेवण गेलं नाही. माझ्या लायनीला नाव ठेवलं? माझ्या?

संध्याकाळी सात ते अकरा सगळं गाव घरात असतं आणि सगळ्यांना एकदमच नेट लागतं. वरून येणारी लाइन मोठी घ्यायची, हा खरा उपाय. नाहीतर लोकांना सरळ सांगायचं, की बाबांनो, जरा जपून. मी दोन्ही केलं नाही. मी ऑफिसातल्या मशीनमध्ये एक नियम टाकला. आमच्या धंद्यात तो सगळ्यांना माहीत असतो. कोण काय बघतंय ते आम्हाला दिसत नाही, पण कुठल्या प्रकारचं चाललंय ते कळतं — कोण व्हिडिओ बघतंय, कोण फोनवर बोलतंय, कोणाचं कॉम्प्युटर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरशी थेट मोठ्या फाइली देतंय-घेतंय. त्या शेवटच्याला फाइल-शेअरिंग म्हणतात. जागा तेच जास्त खातं. मी तेवढंच दाबलं. गावात पाणी सोडणारा माणूस वरच्या आळीचा व्हॉल्व्ह जरा कमी फिरवतो ना, तसं. रोज सात वाजता आपोआप दाबलं जायचं, अकराला सुटायचं.

दुसऱ्या दिवसापासून एकाचंही चित्र अडकलं नाही. सरपंचांनी स्वतः फोन करून कौतुक केलं.

मनात म्हटलं, फाइल-शेअरिंग करतं कोण? चोरून पिक्चर उतरवणारी चार पोरं. त्यांचं काय एवढं? कुणी तक्रार केलीच, तर आमचं ठरलेलं उत्तर — "वरूनच प्रॉब्लेम आहे." वरून म्हणजे कुठून, असं कधी कुणी विचारत नाही.

एकीने विचारलं.

तिचं नाव सुरेखा. नाव खरं सांगत नाही, एवढं तरी झाकू द्या. माहेर तळेगावचं, लग्नाआधी तिथे व्हिडिओ एडिटिंग शिकलेली. सासर आंदर मावळात, अगदी आतल्या गावात. तिचे सासरे, आबा — त्यांच्या बांधावर माझा एक खांब आहे. पहिल्यांदा होकार दिला तो त्यांनीच. ते घर मला घरासारखं. जेवल्याशिवाय कधी सोडलं नाही.

लोणावळ्यात बंगल्यांवर लग्नं होतात, पुण्या-मुंबईची मोठी मोठी, मुहूर्त न बघता बाराही महिने. त्यांचं शूटिंग करणारा एक स्टुडिओ तिला काम द्यायला लागला. त्यांची पद्धत अशी — दिवसभर सगळे शूटिंगला, स्टुडिओ बंद. संध्याकाळी येऊन मशीन लावायची, आणि चित्रीकरण थेट एडिट करणाऱ्याच्या मशीनवर सोडायचं. दोन्हीकडची मशीन एकाच वेळी चालू हवीत. रात्री साडेदहा-अकराला ते कुलूप लावून घरी. दुपारी तिने काम करायचं, संध्याकाळी परत पाठवायचं. म्हणजे तिला लागत होते नेमके सात ते अकरा.

आबांनी तिला मशीन घ्यायला परवानगी दिली होती, पण अट घातली होती. "दिवाळीपत्तुर बघू. जमलं तर ठीक. न्हाईतर ते डबडं बंद, आन् घरचं काम." तिने मान डोलावली होती. सकाळी गोठा, मग भाकऱ्या, मग रान, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या मुलींची लग्नं कापायची, जोडायची, त्यांना गाणी लावायची. मला एकदा हौसेने दाखवलेलं तिने. पाठवणीचा प्रसंग होता. नवरीचा बाप दाराआड जाऊन चष्मा पुसतो, तेवढंच तिने नेमकं ठेवलं होतं. मी खांबांवर चढलेला दगडासारखा माणूस, पण तेवढं मी तिला परत लावायला सांगितलं. पोरीच्या हातात कला होती. नुसती हौस नव्हती ती.

तिचा फोन आला, दिवाळीला दीड महिना होता. "भाऊ, संध्याकाळी फाइल जातच नाही हो."

"वरूनच प्रॉब्लेम आहे," मी म्हटलं.

आठ दिवसांनी परत फोन. आणि या वेळी तिने सरळ विचारलं, "भाऊ, तुम्ही सात वाजता काही दाबता का?"

काय वाटलं असेल मला? लाज? नाही हो. राग आला! बारा गावांत कुणाला कळलं नाही, आणि ही कालची सून मला विचारते? मी म्हटलं, "उद्या येतो. तुझ्या घरी येऊन, सगळ्यांसमोर दाखवतो."

इथे मी आजवर स्वतःलाही फसवत आलोय. मी मनाला सांगायचो, की मला तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. खोटं आहे. जायच्या आधी दुपारी मी ऑफिसात बसून तिची लाइन उघडून बघितली होती. रोज सात वाजता माझा नियम तिच्यावर बसत होता. स्पष्ट दिसत होतं. तिच्या एका घराला सूट द्यायला दोन मिनिटं लागली असती. कुणाला कळलंही नसतं.

कुणालाच? तिला कळलं असतं ना! विचारल्यावर दुसऱ्या दिवशी लाइन सुधारली, म्हणजे तिचं बरोबर होतं. तेवढंच मला नको होतं. बाकी काही कारण नाही. शोधून बघितलं, सापडलं नाही.

गेलो. संध्याकाळी आठला पोचलो, मुद्दाम. आबांच्या ओट्यावर शेजारपाजारचे जमले होते. मी आलो की जमतातच. सुरेखाने माझ्या हातात एक वही दिली. तिच्या लेकीची जुनी, चौकटीची. एकेका चौकटीत वेळ लिहिलेली. "६.५० — चांगलं. ७.०५ — मुंगी. ९.०० — मुंगी. १०.४५ — मुंगी. ११.०० — स्टुडिओ बंद. ११.०५ — गाणं लावून बघितलं, चांगलं." एकवीस दिवस. मुंगी हा तिचा शब्द, मुंगीच्या पावलाने जातंय म्हणून. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे. एवढी चोख तक्रार मला कुणी दिली नव्हती. इंजिनिअरांनीसुद्धा नाही. मनातल्या मनात मी तिला शाबासकी दिली — ते पण खरं आहे.

आणि मग मी मोबाइल काढला, त्यांच्या वायफायला जोडला आणि स्पीड टेस्ट लावली. स्क्रीनवरचा काटा सर्रकन शेवटाला गेला. जाणारच होता! नियम फक्त फाइल-शेअरिंगला होता, टेस्टला नव्हता. हे त्या ओट्यावर फक्त मला माहीत होतं. मी मोबाइल सगळ्यांच्या तोंडापुढून फिरवला, आरती फिरवतात तसा.

"वा! मंग लायनीत कायबी खोट न्हाई म्हना की," आबा म्हणाले.

आणि मी म्हणालो — माझेच शब्द आहेत, जसेच्या तसे — "लायनीत न्हाई, आबा. मशीनमदी आसंल. न्हाईतर चालवणाऱ्याच्या हातात."

हसले लोक. मीही हसलो. सुरेखा त्या काट्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं तिने. संशयाने नाही हो. संशयाने बघितलं असतं तर मी भांडलो असतो. ती ओशाळली होती. "असेल, भाऊ," म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली. वही मी पिशवीत टाकली. "ऑफिसात बघतो" म्हटलं. मग जेवून निघालो. तांदळाची भाकरी होती, आणि सुरेखाच वाढत होती.

स्टुडिओने अजून दोन लग्नं वाट बघितली. दुसऱ्या लग्नाचं चित्रीकरण वेळेवर परत गेलं नाही, नवरीकडचे चिडले, काम बंद झालं. दिवाळीला आबांनी शब्द पाळला. मशीन आधी जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर गेलं आणि नंतर विकलं. आता सुरेखा लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काउंटरला असते. सकाळी जीपने कामशेत, तिथून लोकल, अंधार पडल्यावर घरी. ज्या बंगल्यांवरची लग्नं ती जोडायची, त्याच बंगल्यांवरचे पाहुणे तिच्याकडून चिक्की घेतात.

मी मोठी लाइन घेतली, त्याला वर्ष झालं. नियमाची गरज उरली नाही. एका सकाळी काढून टाकला. खरंच, दोनच मिनिटं लागली.

आणि गेल्या महिन्यात त्याच गावाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, मंडप, लाउडस्पीकर. बारा वर्षांची सेवा! मी भाषण ठोकलं. खांब, वानरं, दरड, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. आणि खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटलं. आताही आठवलं की बरं वाटतं. ती तार मीच ओढली आहे, ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

औक्षणाला आबांनी सुनेला पुढे केलं. पहिला खांब त्यांच्या बांधावर, म्हणून मान त्यांच्या घराचा. ती त्या दिवशी दुकानातून रजा घेऊन आली होती. तिने मला कुंकू लावलं, ओवाळलं. शेजारी तिची लेक उभी होती, आता नऊ वर्षांची. सुरेखा तिला म्हणाली, "भाऊंच्या पाया पड. यांची लाइन एकदम चांगली आहे हं. मलाच जमलं नाही."

पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माईक माझ्यापासून चार पावलांवर होता. मी खाली बसलो.

ती वही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. एकवीस दिवसांच्या नोंदी मी माझ्या मशीनमधल्या नोंदींशी एकेक करून लावून बघितल्या आहेत. एकही चुकलेली नाही. तिला जमलं होतं.