सरुबाईंची खरी उंची

निंबर्ग्याच्या सरुबाईंची पाठ गेल्या दहा वर्षांत इतकी वाकली होती, की समोरच्याशी बोलायचं तर मान वर करावी लागे. त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण यंदा डाळमिलमध्ये तूर चाळताना धाप लागू लागली. गावच्या आरोग्य शिबिरात त्यांची उंची मोजली, त्यांनी मशीनच्या नळीत फुंकलं, आणि कागद आला : सगळं ठीक.

त्या कागदानंच घात केला. नवरा, अंकुशराव, मनानं वाईट नव्हता, पण छापलेल्यावर त्याचा फार विश्वास. सरुबाई जरा टेकल्या की म्हणायचा, "कागदात तर काय न्हाई. मग बसायलीस कामून?" हळूहळू सरुबाईंनाही वाटू लागलं, आपल्यालाच कामाचा कंटाळा आलाय.

एका सकाळी चुलीपुढून उठताना त्यांचे ओठ निळे पडले. अंकुशराव घाबरला. मिळेल त्या गाडीनं त्यानं त्यांना कलबुर्गीच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी जरा बरं वाटल्यावर श्वासाची तपासणी ठरली. तपासणीला मल्लेश्वरी नावाची मुलगी होती. तिनं उंची मोजली : एकशे अडतीस सेंटिमीटर. आकडा मशीनमध्ये टाकता टाकता ती थांबली.

"अक्का, दोन्ही हात आडवे पसरा बघू."

या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप धरली. एकशे बावन्न.

मग फुंकणं झालं. मल्लेश्वरी अंकुशरावला म्हणाली, "अण्णा, छातीत किती हवा मावायला पाहिजे, ते मशीन वय, उंची आन् बाई का बाप्या, त्यावरून ठरवतंय. वाकलेली उंची घातली की मशीनला वाटतंय, बाई बुटकी हाय, एवढा श्वास बास. तसं धरलं तर शंभरात शहाऐंशी भरायलेत. पसरलेले हात माणसाच्या खऱ्या उंचीएवढे असत्यात; त्या मापानं धरलं तर सदुसष्टच. पाठ वाकली म्हणून हात काय आखूड होत न्हाईत."

सरुबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "म्हंजे मी सोंग करीत न्हवते."

"न्हाई, अक्का."

अंकुशराव सरुबाईंच्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "माझंच चुकलं, सरू."

डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला, व्यायाम शिकवले, तुरीच्या धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं. मिलचं काम सुटलं. तिथल्या बायकांची आठवण सरुबाईंना अजून येते. धापही पुरती गेलेली नाही. पण आता अंकुशराव सकाळी स्वतः पाण्याची घागर उचलतो, आणि पाणवठ्यावरच्या बायका हसल्या तरी खाली ठेवत नाही.