हात जोडणारा जावई

आमच्या थोरल्या काकांनी एकतीस वर्षं फेरीबोट चालवली. या धक्क्यावरून त्या धक्क्यावर, दिवसाला बारा खेपा, पण त्यांच्या बोटीचा रंग कधी दुसऱ्या बोटीला लागला नाही. नियम साधा. उजवीकडून आडवा येणारा आधी जाणार, आपण वळून त्याच्या मागून निघायचं. आणि ज्याचा हक्क, त्याने आपली चाल बदलायची नाही.

पण त्या पाण्यावरची निम्मी माणसं काकांच्याच हाताखाली शिकलेली. काका दिसले की हक्क असूनही मानाने इंजिन मंद करायची. काका चिडायचे, "मला काय खांद्यावरून नेताय?"

त्या सकाळी बोटीत त्रेचाळीस माणसं होती. पुढच्या बाकावर काकांची लेक, केबिनमध्ये काकांशेजारी मी. उजवीकडून वाळूने भरलेलं बार्ज, ती लांबलचक लोखंडी मालबोट, आलं. त्याच्या सुकाणूवर काकांचा जावई, आठवड्यापूर्वीच कामावर लागलेला. काकांनी त्याच्या मागून निघायला सुकाणू उजवीकडे फिरवलं.

आणि जावयाने इंजिन मंद केलं.

जिथे मोकळं पाणी व्हायचं, तिथे लोखंडाची भिंत रेंगाळली. आणखी उजवीकडे वळावं तर तिकडून मालवाहू जहाज येत होतं. डावीकडे वळायला पल्ला उरला नव्हता.

"अरे, थांबतोय काय हा!" काकांनी इंजिन उलटं टाकलं आणि धोक्याचा भोंगा दिला, तुटक तुटक, पाच वेळा. बोट थरथरली, पण वेग कमी होईना. जावयाला वाटलं, सासरे रागावले. त्याने बार्ज पार थांबवायला घेतलं आणि खिडकीतून हात जोडले.

बाकावरचं एक मूल रडू लागलं. लेक कठड्याला धरून उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "अहो, हात कसले जोडताय! पुढे जा, पुढे!"

बार्जमागे पाणी फेसाळलं. लोखंड जड जड सरकलं. त्याचं शेवटचं टोक आमच्या नाकासमोरून हातभर अंतराने गेलं.

काकांची मूठ सुकाणूवरून सुटेना. मी एकेक बोट सोडवलं.

धक्क्यावर जावई खाली मान घालून आला. "मामा, तुम्हाला आडवं कसं जाणार?"

"जावईबापू, मान घरी द्या, मी दोनदा घेईन," काका म्हणाले. "पाण्यात तुम्ही सरळ गेलात, तरच मला माझी वाट कळते."

दुसऱ्या दिवशी बार्ज उजवीकडून आलं आणि काकांकडे ढुंकूनही न बघता पुढून निघून गेलं. काकांनी त्याच्यामागे बोट वळवली. भोंग्याच्या दोरीवरचा हात मात्र त्यांनी बोट धक्क्याला लागेपर्यंत काढला नाही.