भागूबाईंनी राखलेलं बियाणं

भाताच्या फुलाजवळ वाकताना भागूबाई तोंडाला पदर लावत. "माजा वारा लागंल त्येला," म्हणत. आम्ही हसायचो, पण त्यांचं खरं होतं. ते फूल एवढंसं. त्याचं टरफल कातरायचं, आतले सहा परागकोश चिमट्यानं काढायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यावर दुसऱ्या जातीचे पराग झटकायचे. कासार आंबोलीजवळच्या सरकारी भात प्रयोगक्षेत्रावर मी सहायक होतो. कॉलेजात शिकून आलेला, तरी माझ्या हातून निम्मी फुलं चिरडत. जवळच्या भरे गावाहून रोज चालत येणाऱ्या, रोजंदारीवरच्या भागूबाईंच्या हातून क्वचित एखादं.

आंबेमोहराचा वास असलेलं, पण वाऱ्यापावसात न लोळणारं भात आम्हाला हवं होतं. दर हंगामात पेरायचं, निवडायचं, पुन्हा पेरायचं. अशी चार वर्षं गेली आणि ऐन पेरणीच्या तोंडावर पुण्याहून पत्र आलं. प्रयोगाचं अनुदान मंजूर नाही, रोजंदारीची माणसं कमी करावीत.

मी भागूबाईंना सांगितलं. स्वतःच्या मजुरीचं सोडून त्यांनी विचारलं, "आन् बियाणं?"

"यंदा पेरलं नाही तर मुळशीच्या दमट हवेत ठेवलेलं बी पुढच्या वर्षी उगवेलच असं नाही."

"मंग बियान्याच्या पुड्या द्या हिकडं."

नियमात बसत नव्हतं. तरीही मी दिल्या.

घरच्या सगळ्यात चांगल्या खाचरात त्यांनी एकेक पुडी वेगळी लावली. पुड्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्या त्यांना वाचता येईनात, म्हणून प्रत्येक ओळीशी वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली काठी रोवली. बरीचशी भातं लोळली, काही करपा रोगानं गेली. पुढे वर्षभर घरात तांदूळ पुरला नाही, नाचणीवर दिवस काढावे लागले. त्यांचे मालक, तुकाराम, माझ्याशी बोलेनासे झाले.

कापणीच्या सुमारास मी सगळं वर कळवलं, तेव्हा पुण्याहून मोठे साहेब ते खाचर पाहायला आले. खूश होऊन म्हणाले, "अशा बाया गावोगाव असल्या, तर सरकारला खर्च करायलाच नको!"

भागूबाईंनी विळा खाली ठेवला. "आसं म्हनू नगा, सायेब. एक साल आमी काडलं. दुसऱ्या साली मालक मला बांधावर उबं करनार न्हाईत, आन् त्येंचं काय चुकलं? ह्यातलं कंचं भात टिकंल, ते तुमाला बी ठावं न्हाई. बुडालं तर समद्यांचं थोडं थोडं बुडावं. एकाच घराचं समदं कशापायी? ह्ये सरकारचंच काम हाय."

साहेब जाताना मला म्हणाले, "बाई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहून पाठवा."

मी पाठवलं. त्यामुळेच असेल असं नाही, पण पुढच्या वर्षी अनुदान सुरू झालं. भागूबाई पुन्हा कामावर आल्या. त्या पुड्यांतली शेवटी एकच ओळ टिकली, वासाची आणि न लोळणारी.

नंतर माझी बदली झाली. काही वर्षांनी त्या ओळीचं बियाणं शेतकऱ्यांच्या हाती पडलं तेव्हा भागूबाई हयात नव्हत्या. मी भऱ्याला गेलो. आदल्या दिवशी वादळी पाऊस झाला होता. तुकाराम मला बांधावर घेऊन गेले. आसपासच्या खाचरांतलं भात जमिनीला टेकलं होतं. त्यांचं, त्या नव्या बियाण्याचं, उभं होतं.

त्यांनी एक लोंबी तळहातावर घेतली. मग म्हणाले, "तिनं बगाया पायजे व्हतं."