नळीत कुंकू आणि मागच्या सीटवर आप्पा

हा प्रवास एका थापेतून सुरू झाला, हे आधीच सांगून टाकते.

निपाणीच्या अण्णांना त्यांच्या छोट्या विमानात अर्धा भागीदार हवाय, असं कळलं त्या दिवशी मी गुंजीला आप्पांना फोन केला. सांगायचं होतं, "बघायला येतेय." तोंडातून निघालं, "आप्पा, विमान घेतलं." मग माझे वडील, ज्यांना मी बारा वर्षं विमानात बसवायचा प्रयत्न करून थकले होते, म्हणाले, "मग येतो बसायला. कवा येऊ?"

आता माघार कशी घेणार?

ब्लॉगवर नवीन असाल तर थोडी ओळख. मी वैजयंता, खानापूर तालुक्यातल्या गुंजीची, मुक्काम पुणे. एका उद्योगपतींचं बिझनेस जेट उडवते. गावात सांगतात, आमची वैजू आकाशात असते. खरं म्हणजे वैजू बहुतेक वेळ कुठल्या ना कुठल्या विमानतळावरच्या सोफ्यावर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात साहेबांची मीटिंग संपायची वाट बघत असते. मीटिंग संपली की हसून दारात उभी राहते, पाऊस असला तर छत्री धरते, आणि मग उडते. उडण्यातलाही बराचसा भाग ऑटोपायलट करतो. मी त्याच्यावर लक्ष ठेवते आणि तो बहुधा माझ्यावर.

एकदा साहेबांचं जेट बेळगावला, सांबऱ्याच्या विमानतळावर आलं होतं आणि परतताना रिकामं जाणार होतं. साहेब मोठ्या मनानं म्हणाले, वडिलांना पुण्यापर्यंत फिरवून आणा. आप्पा गुंजीहून आले, जिन्यापर्यंत चालले, आतल्या पांढऱ्या चामड्याच्या खुर्च्या डोकावून पाहिल्या आणि पायरीवरूनच मागं फिरले. "मालकाच्या गादीवर आपण बसू नये. तुझं सोताचं असंल तवा बसतो." मी रडकुंडीला आले होते. ते मात्र बाजारातून कुंद्याची मिठाई घेऊन पॅसेंजरने घरी गेले.

छोट्या विमानाचा परवाना मी हट्टाने चालू ठेवलाय, तो त्या दिवसापासून.

पहिला दिवस. पुण्याहून पहाटे निघालात तर जेवायच्या आत निपाणी येते. रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे, त्यामुळे साताऱ्याच्या पुढे वळसे धरूनच वेळ मोजा. कागल मागे पडलं की पाट्यांची लिपी बदलते, तोंडातली भाषा बदलत नाही. ऊस तुटायच्या दिवसांत गेलात तर निपाणीच्या आसपास एखाद्या गुऱ्हाळावर थांबा, गरम काकवी मिळते. मी दोन वाट्या प्याले आणि मग वजनाचा विचार केला. छोट्या विमानात तो करावा लागतो.

अण्णा साठीचे, पिढीजात तंबाखूचे व्यापारी. पन्नाशीनंतर विमान शिकले आणि आल्यागेल्याला म्हणतात, "व्यसन लावायचा आमचा धंदा, मला कुणीतरी लावायलाच पायजे हुतं." त्यांच्या घरी पोचले तर ताटात तांबडा, पांढरा, भाकरी आणि ताटाशेजारी विमानाच्या देखभालीची वही. मी भाकरी मोडत होते आणि ते पानं उलटत होते. शेडचं भाडं, विमा, इंजिनाची ठरलेली तपासणी, आणि विमान उडो न उडो, यातलं काहीही थांबत नाही.

"कॅप्टन, एक सांगतो," अण्णा म्हणाले. "जेटमधी तुमी वर गेला की खर्च मालकाचा, झोप तुमची. हितं खर्च बी आपला आणि झोप बी आपलीच उडती."

"मग विकताय कशाला?"

"अर्धी झोप पायजे म्हणून."

बेंगळुरूचा एक जण महिनाअखेरीस बघायला येणार आहे, त्याला पूर्ण विमान हवंय, हेही त्यांनी सांगून ठेवलं. मी "विचार करते" म्हणाले. इसार म्हणून थोडे पैसे आगाऊ द्यायची इच्छा होती, हिंमत नव्हती. पुण्यातला फ्लॅट अजून बँकेचा आहे आणि माझा निम्मा पगार तिकडेच जातो. विमान सांबऱ्याच्या शेडमध्ये असतं, दुसऱ्या दिवशी तिथं अण्णांबरोबर उडवून बघायचं मात्र ठरलं.

दुपारी तवंदीचा घाट चढून संकेश्वरमार्गे बेळगाव. मुक्काम अनगोळला, भावाकडे. तिथून फोन केला तर आई म्हणाली, आप्पांनी धोतर इस्त्रीला दिलंय. आप्पांनी आयुष्यात कशालाही इस्त्री केलेली नाही. मला झोप येईना. बाप चोवीस तासांत विमानाजवळ उभा राहणार आणि ते माझं नाही.

दुसरा दिवस. खासगी विमानात बसायचं असलं तरी सांबऱ्याला ओळखपत्र लागतं, आदल्या दिवशी नावं कळवावी लागतात आणि सामान तपासलं जातं. जेटच्या वेळी ही धावपळ दुसरं कुणी करतं, म्हणून मला ती माहीत असूनही नवीन होती. आप्पा वेळेच्या तासभर आधी हजर. कडक धोतर, पांढरी टोपी, हातात पूजेची पिशवी आणि मागे रिक्षावाल्याच्या खांद्यावर वीस किलो तांदळाचं पोतं.

"हे कशाला?"

"ज्यांच्याकडनं इमान घेतलंस त्या अण्णांना पयल्यांदाच भेटतोय. मोकळ्या हातानं जाऊ व्हय?"

सुरक्षा जवानाने पिशवी उघडली. हळद, कुंकू, अगरबत्ती, काड्यापेटी, नारळ. तो मला म्हणाला, "मॅडम, ये माचिस और नारियल अंदर नहीं जाएगा." आप्पांनी थोडा विचार केला आणि नारळ त्यालाच दिला. हळदीकुंकवाचा करंडा तेवढा आत गेला. तांदळाकडे बघून जवान हसला आणि त्याने पोतं मशीनमधून सरकवलं.

अण्णांचं विमान शेडबाहेर उभं होतं. चार सीटा, एक पंखा, वरच्या बाजूला पंख. मी त्याला रीतसर चक्कर मारली, टाकीत काठी बुडवून इंधन मोजलं, तळातून थोडं काढून पाणी नाही ना ते उजेडात धरून पाहिलं. जेटला हे सगळं कुणीतरी करून ठेवतं आणि मी सही करते. माझा पांढरा शर्ट दहा मिनिटांत तेलकट झाला आणि मला फार बरं वाटलं.

मग आप्पा म्हणाले, "थांब. नवीन हाय, तसंच कसं काढतीस? पूजा करतो."

ही पूजा माझ्या थापेची होती. परक्याच्या गाडीला कुणी कुंकू लावत नाही. आता अण्णा काहीतरी बोलतील आणि सगळं उघड होईल या भीतीने मी त्यांना शेपटीकडे नेलं, तांदळाचं निमित्त काढलं, "एवढं वजन कसं न्यायचं?" वगैरे. खालच्या आवाजात विनवलं, "अण्णा, आज हे माझं आहे असं समजा." अण्णांनी भुवया उंचावल्या. तांदूळ शेडमध्येच राहतील असं ठरलं. तोवर पाठीमागे आप्पांचं मनोभावे चाललं होतं. पंख्याला पाच बोटं, चाकाला, दाराला. पूजा झाल्यावर मी पुन्हा एक चक्कर मारायला हवी होती. कुणीही विमानाला हात लावला की मारायचीच असते, हे मी नव्या मुलांना शिकवते.

आम्ही बसलो. मी डावीकडे, अण्णा उजवीकडे, आप्पा मागे, मांडीवर टोपी. धावपट्टीवर इंजिनाला पूर्ण जोर दिला. विमान पळायला लागलं, पट्टे वेगाने मागे जायला लागले, आणि वेग दाखवणारा काटा शून्यावर. मी पुन्हा पाहिलं. शून्यच. बाहेरचं गवत सांगत होतं की आपण चांगलेच पळतोय, काटा म्हणत होता की आपण उभे आहोत. मी जोर काढला, ब्रेक लावला. सांबऱ्याची धावपट्टी लांबलचक, आमचं विमान एवढंसं, त्यामुळे थांबायला काही अडचण आली नाही. टॉवरला सांगितलं, तांत्रिक कारण, परत येतोय.

"पोचलो?" आप्पांनी मागून विचारलं.

विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. समोरून येणारी हवा तिच्या भोकात शिरते, त्यावरून काट्याला वेग कळतो. शेडजवळ उतरून पाहिलं तर तिच्या टोकाला ओल्या कुंकवाचा टिळा, चांगला जाड, भोकासकट लिंपलेला.

"आप्पा, इथे कशाला लावलंत?"

"शिंग न्हाय व्हय ते?" आप्पा म्हणाले. "बेंदराला बैलाच्या शिंगाला लावतोच की. एकच हाय म्हणून जरा जास्त लावलं."

मला हसू येत होतं आणि रडूही. बारा वर्षं विमान उडवणारी कॅप्टन, पण चार पावलांवर लावलेलं कुंकू तिला दिसलं नव्हतं, कारण ती शेपटीमागे उभी राहून स्वतःची थाप झाकत होती. अण्णा मात्र गंभीर झाले होते. बरोबरच होतं.

"कॅप्टन, तुमचं विमान असतं तर मी बोललो नसतो," ते म्हणाले. "पर अजून माझं हाय. इसार बी झालेला न्हाय. नळी साफ करून, तपासून, सही झाल्याबिगर आता हलणार न्हाय."

आप्पा ऐकत होते. माझ्याकडे न बघता ते शेडमधल्या तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसले.

"म्हंजे तुझं न्हाय."

"न्हाय आप्पा."

"मग घेतलं कशाला म्हणालीस?"

"तुम्ही बसावं म्हणून."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली. ते पायरीवरून मागे फिरले होते तो दिवस मला आठवला. आता उठतील, बस धरतील आणि परत कधी विषय काढणार नाहीत, याची मला खात्रीच होती.

अण्णांनी इंजिनियरना बोलावलं. फुंकर मारून भागत नाही, आतला भाग बिघडतो, म्हणून नळी सोडवून साफ करावी लागते. ते सांगतील तसं मी पंखाखाली आडवी होऊन बॅटरी धरली, स्क्रू डबीत जपले, पुसायला फडकी दिली. मान अवघडली, केसांत ग्रीस गेलं, कोपरापर्यंत कुंकू. दीड तास गेला. मधे कधीतरी दुसऱ्या बाजूनेही उजेड पडला. आप्पा गुडघे टेकून बसले होते, हातात अण्णांची बॅटरी. इस्त्रीच्या धोतराला तेल लागलं होतं.

नळी बसली, तपासणी झाली, सही झाली. मी हात पुसत उभी राहिले आणि म्हणाले, "आप्पा, तुम्हाला गुंजीला सोडते. गाडीनं."

"का? हे बिघडलंय अजून?"

"नाही. पण माझं नाही ना ते."

आप्पांनी विमानाकडे पाहिलं, मग माझ्या शर्टाकडे. "त्या मोठ्या इमानात तू शर्टाला डाग न पाडता उभी हुतीस. पावण्यागत. हितं दीड तास पोटाखाली लोळलीस. जनावराच्या पोटाखाली मालकच लोळतोय, गडी न्हाय." आणि स्वतःच दार उघडून मागच्या सीटवर बसले. मी पुन्हा पूर्ण चक्कर मारली. नळी दोनदा पाहिली.

खानापूरपर्यंत आप्पा खिडकीला कपाळ लावून होते. जेटमधून हा सगळा भाग मी कित्येकदा ओलांडलाय, पण इतक्या उंचीवरून की खाली ढग किंवा धुरकट हिरवा रंग. आज मलप्रभेचं पाणी दिसत होतं, कापणी झालेली भाताची खाचरं, लोंढ्याकडे जाणारे रूळ, आणि जंगल सुरू होतं तिथं गुंजीचं स्टेशन. रुळांच्या खुणेने आप्पांनी शेत शोधलं. मी एक मोठं वळण घेतलं, मग आणखी एक.

"एवढंच हाय व्हय?" हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला. "आयुष्यभर एवढ्यातच राबलो?" थोड्या वेळाने म्हणाले, "लई चांगलं दिसतंय पर."

मी तिसरं वळण घेतलं. अण्णांनी कारण नसताना नकाशा उघडला. परतीच्या वाटेवर मागे वळून पाहिलं तर आप्पा तोंड उघडं टाकून झोपले होते, बाजारातून बैलगाडीत परत येताना झोपायचे तसे.

घरी परतून आता दहा दिवस झाले. प्रवास आखणाऱ्यांसाठी थोडक्यात: हिवाळ्यात जा, बेळगावहून कुंदा आणा, विमानाला हात जोडा पण बोट लावू नका. खर्चाचं म्हणाल तर माणसाने बिझनेस जेट दुसऱ्याचं उडवावं आणि छोटं विमान दुसऱ्याकडून मागून आणावं. मी पुण्यात आल्या दिवशी हे कागदावर मांडलं होतं. आकडे अगदी स्पष्ट होते. अण्णांना नकार कळवायचा म्हणून दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.

काल साहेबांची मीटिंग लांबली होती. मी सोफ्यावर, पांढरा शर्ट, नखाच्या कडेला अजून जरासं लाल. अण्णांचाच फोन आला.

"कॅप्टन, आप्पा आलते निपाणीला. एकटेच, दोन बस बदलून. तांदूळ घरापतोर पोचला का न्हाय बघायला."

"आणि?"

"पोचला म्हटलं. मग एकशेएक रुपये काढून हातात ठेवलं. पोरीचा इसार, म्हणाले."

"अण्णा, तुम्ही घेतलेत?"

"घेतलं की," अण्णा म्हणाले. "बेंगळुरूवाल्याला सांगून टाकलं. आता दुसऱ्याला देता येत न्हाय."